एक खोली, एक रंग, बाकीच्यांनी बाहेर बसावे

खोली एकाच रंगात सजवायचं ठरवलंत ना? उत्तम. घरात भांडायला आता पैसा, सासर आणि टीव्हीचा रिमोट, कशाचीच गरज नाही.

पहिला प्रश्न रंग कोणता. तुम्ही नागपूरचे, तेव्हा नारंगीशिवाय दुसरं काही सुचणं म्हणजे गावाशी बेइमानी. फक्त संत्रं कोणतं ते आधी ठरवा. आंबिया बहाराचं दिवाळीच्या आगेमागे येतं, ते पुष्कळदा सालीवर हिरवटच असतं. फेब्रुवारी-मार्चात येतो तो मृग बहार, त्याला खरा रंग चढतो. एवढं बारकाईनं निवडून भिंती रंगवा. संध्याकाळी पहिला पाहुणा दारातच थबकेल आणि आवाज खाली आणून विचारेल, "काहून जी, यंदा तिकीट मागून राहिले का?" महाल भागात संघाचं मुख्यालय असलेल्या गावात हा रंग फळाचा आहे हे कोणाकोणाला पटवणार?

बरं, निळा घ्या. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून या शहरात निळ्याला नुसता निळा म्हणून कोणी बघत नाही, त्यामुळे तोच पाहुणा तोच प्रश्न दुसऱ्या पक्षाचं नाव घालून विचारेल. हिरव्याबद्दल मी लिहीतच नाही, मला याच गावात राहायचंय. फिरोजी दिलात तर मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन आठवून सासरे सोफ्यावर बसता बसता म्हणतील, "सीताबर्डीला लाइन बदलावी लागते का?" उरले पिवळा आणि काळा. पण त्या दोन रंगांचं काय करायचं हे नागपूरनं 1880 च्या दशकातच ठरवून टाकलंय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे दोन मोठे पुतळे निघतात, एक मारबत अख्खी पिवळी, एक अख्खी काळी. दोघींना वाजतगाजत गावातून फिरवतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतात आणि शेवटी जाळतात.

म्हणून शहाणी माणसं ऑफव्हाइटवर येतात. तुम्हीही या.

आपल्या आजीच्या घरी हाच रंग होता, त्याला चुना म्हणत. दिवाळीआधी कळशीभर चुन्यात चिमूटभर नीळ पडायची, म्हणजे पिवळटपणा झाकून भिंत पांढरीशुभ्र दिसायची. आता ती नीळ वगळायची, पिवळटपणा ठेवायचा, त्याला विलायती नाव द्यायचं आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे. हिशेब सोपा आहे. 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, म्हणजे भिंतींचे 440 आणि छताचे 120 चौरस फूट. खिडकी-दार वजा करायचं म्हणालात तर पेंटर तुमच्याकडे असं बघेल, जणू तुम्ही त्याच्या ताटातली भाकर उचलली.

शेड दुकानातच निवडा. तिथल्या पांढऱ्याफटक ट्यूबलाइटखाली जो रंग लोण्यासारखा दिसतो, तो घरच्या पिवळ्या दिव्याखाली शिळ्या कढीसारखा दिसतो. रंग तोच, उजेड वेगळा. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर तर अजिबात संशय घेऊ नका. चार भिंती समोरासमोर उभ्या राहिल्या की एकीचा रंग दुसरीवर पडतो आणि प्रकरण आणखी दाट होतं, हे पैसे दिल्यावर कळण्यातच मजा आहे. आमच्याकडे पेंटर बादलीपुढे उकिडवा बसला, काडीनं रंग ढवळला, काडी वर उचलली आणि टपकणारी धार बघत म्हणाला, "भाऊ, ओला असला का असाच दिसते. वाळला का डार्क होते." वाळला. डार्क झाला. यात माणूस खोटं बोलला असं म्हणता येत नाही, हीच खरी अडचण.

आता सामान. इथे मन घट्ट करा, कारण एकरंगी खोलीत प्रत्येक जिवंत वस्तू डाग असते. गोदरेजचं हिरवं कपाट, ज्याच्या आतल्या लॉकरमध्ये आईचं मंगळसूत्र आणि 1987 सालच्या विजेच्या पावत्या एकाच पिशवीत आहेत, ते मागच्या खोलीत. तारखांवर दूध आणि गॅसच्या खुणा केलेलं लाल-काळं कॅलेंडर अडगळीत. मुलाची पिवळी सायकल, बाबांचा मरून स्वेटर, जिची काठी चॉकलेटी आहे ती आजी (काठीला कव्हर शिवता येतं, आजीचं बघू). आई विचारेल, "अरे, मग मी कुठं बसू?" तिला सांगा, मोतिया साडी नेसली तर बसता येईल.

मला तेव्हा वाटलं होतं, मी कलेच्या मोठ्या परंपरेत आहे. मालेविच नावाच्या रशियन चित्रकारानं 1918 मध्ये पांढऱ्यावर पांढरा चौकोन काढला आणि ते चित्र आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात टांगलेलं आहे. हा दाखला मी बायकोला दिला. ती म्हणाली, "त्याच्यासमोर बसून कोणी तर्री पोहे खाते का?"

हा मुद्दा तर्रीचा आहे, नीट ऐका. नागपुरी तर्रीवर तरंगणारा लाल तेलाचा थर ऑफव्हाइट सोफ्याला शोधतच येतो. वाटी सरळ धरली तरी चण्यासोबत एक थेंब निघतो आणि नेमका उशीच्या शिलाईवर बसतो. लिंबू, मीठ, साबण, सगळं करून झाल्यावर तो डाग नारंगी उरतो. म्हणजे गावचा रंग शेवटी आलाच, तोही फुकट. सावजीचा रस्सा असेल त्या दिवशी खोलीला कुलूप लावा.

आणि मे महिना. 2013 च्या मेमध्ये इथे पारा 47.9 वर गेला होता, त्यामुळे कूलरशिवाय खोली ही कल्पना इथे चालत नाही. ऑफव्हाइट कूलर मिळेल हो, पण त्याच्या ताट्या बहुतेकदा खसाच्या किंवा लाकडाच्या बारीक ढलप्यांच्या असतात, आणि आठवड्याभरात खिडकीखालून चहाच्या रंगाचे ओघळ उतरतात. तेवढा भाग फोटोत घेऊ नका. आम्ही तिथे ऑफव्हाइट कुंडी ठेवली. तिच्यात झाड नाही, झाड हिरवं असतं.

सगळं जमलं की माणसं बोलवा. आमच्याकडे पहिल्यांदा आत्या आली. तिला मधोमध उभं केलं, दिवे लावले, पडदे सारले. तिनं चारही भिंतींकडे शांतपणे पाहिलं, एका भिंतीला बोट लावून बोट तपासलं आणि म्हणाली, "प्रायमर छान झालं रे. रंग कधी देऊन राहिला?"