पुढच्या दारांना फिल्म का लावली नाही: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. रिव्ह्यू मराठीत लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतच. तुमच्या तक्रारी चार आहेत. टेक्सासहून आणलेल्या सेडानच्या पुढच्या दारांची फिल्म आम्ही ‘उगीच’ काढायला लावली. त्या जागी सत्तरची (म्हणजे सत्तर टक्के प्रकाश आत सोडणारी) हलकी सिरॅमिक फिल्म लावायलाही नकार दिला. मागच्या दारांच्या काचा ढगाळ दिसतात. आणि मागच्या काचेतल्या डीफ्रॉस्टरची, म्हणजे काच तापवून दव-बर्फ घालवणाऱ्या तारांपैकी, एक रेष बंद पडली. यातली चौथी तक्रार रास्त आहे, चूक आमची आहे.

टिंटचा, म्हणजे काचेवरच्या गडद फिल्मचा, नियम अमेरिकेत राज्यागणिक बदलतो. आपल्या न्यू जर्सीत विंडशील्डवर आणि ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्या काचांवर नंतर टिंट लावायला नियमात जागा नाही. त्या काचांवर टक्क्यांची घासाघीस होत नाही. मागच्या दारांना आणि मागच्या काचेला हवी तेवढी गडद लावा, फक्त दोन्ही बाजूंचे बाहेरचे आरसे हवेत. उन्हाचा वैद्यकीय त्रास असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर मोटर व्हेईकल कमिशनकडून सूट मिळते. तो कागद हातात आला की पुढच्या काचा आम्ही आनंदाने करून देऊ.

‘कोर्टाने टिंटला परवानगी दिली आहे’ असं तुम्ही लिहिलंय. २०२२ चा स्टेट विरुद्ध स्मिथ हा तो निकाल. पोलिसांनी गाडी अडवली ती मागच्या काचेच्या टिंटवरून. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या कलमाखाली अडवलं ते लागू व्हायला विंडशील्ड किंवा पुढच्या दारांची काच इतकी काळी हवी की आतली माणसं आणि वस्तू स्पष्ट दिसू नयेत. म्हणजे प्रश्न गाडी अडवण्याचा होता. दुकानाने पुढच्या दारांना फिल्म लावावी, असं त्या निकालात कुठेही नाही.

आता टेक्सासची फिल्म. तिथे पुढच्या दारांना २५ टक्के चालतात, हे बरोबर. पण ते २५ काच आणि फिल्म मिळून. कारखान्यातून येणारी काचही सगळा प्रकाश सोडत नाही. तुमची काच थोडी खाली करून कड प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या खाचेत धरली तेव्हा आकडा आला १९. फिल्म काढून, काच पुसून पुन्हा मोजली तर ७८. डब्यावर २५ लिहिलेली फिल्म ७८ च्या काचेवर बसली की गुणाकार होतो, ०.२५ गुणिले ०.७८, म्हणजे साडेएकोणीस. थोडक्यात, ती फिल्म टेक्सासमध्येही नियमात बसत नव्हती. तिथे ३५ ची लावली असती तर २७ आले असते.

हाच गुणाकार सत्तरच्या सिरॅमिकला लावा. ‘न्यूयॉर्कमध्ये सत्तर चालते’ हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे. तिथेही सत्तर म्हणजे काचेसकट. सत्तरची फिल्म तुमच्या काचेवर ५५ दाखवेल. तिथे पास व्हायला नव्वदची लागते आणि तीही काठावर. शिवाय सेडान असेल तर न्यूयॉर्कमध्ये मागच्या दारांनाही सत्तरच, आणि १ जानेवारी २०१७ पासून वार्षिक तपासणीत ते मोजतात. एसयूव्हीच्या मागच्या दारांना ही अट नाही. राज्य बदलणार असाल तर आधी सांगा, फिल्म त्या हिशेबाने निवडू.

मागच्या दारांवरचे ढग म्हणजे फिल्मखाली अडकलेलं पाणी. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात, पट्टीने पाणी ओढतात, उरलेलं हळूहळू फिल्ममधून उडतं. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, जानेवारीच्या थंडीत तीन-चार आठवडे. तोवर बोटाने दाबू नका, एकदा पडलेली घडी राहते. अमोनियाचा काच-क्लीनर वापरू नका. महिन्यानंतरही टणक ठिपका उरला तर खाली कचरा अडकलाय, ती काच आम्ही नव्याने करू.

आणि ती रेष. मागच्या काचेवरची जुनी फिल्म रंगाची होती, उन्हाने जांभळी पडलेली. असली फिल्म वाफेवर सोलली तरी वरचा थर निघतो आणि गोंद रेषांवर राहतो. रेषा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात, तिथे ब्लेड चालवायचंच नाही. गोंद भिजवून कापडाने काढायचा. आम्ही ब्लेड वापरलं नाही, पण काम सुरू करण्याआधी रेषा तपासल्या नाहीत. त्यामुळे ती आधीच तुटलेली होती असं म्हणायला आम्हाला तोंड नाही.

दुरुस्ती विनाशुल्क. व्होल्टमीटर रेषेवरून सरकवत नेला की जिथे बारा-एक व्होल्टचा आकडा एकदम शून्यावर येतो तिथे तुटलेलं असतं. त्यासाठी नवी फिल्म काढावी लागेल, जोडावर चांदीचा वीजवाहक रंग लावून तो चोवीस तास सुकू द्यावा लागेल, मग दुसरी फिल्म. गाडी दोन दिवस आमच्याकडे राहील. याच आठवड्यात आणा. फिल्म अजून पुरती धरलेली नाही, गोंद सहज निघेल. महिनाभर थांबलात तर तोच गोंद दुसरी रेषही घेऊन येईल.