तक्रार क्रमांक 510510

घरचं नेट बंद पडलं. फोनवरची बाई 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' याच्या पुढं जाईना, म्हणून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या पोरानं मोबाईलमधनं मान वर न काढता चिठ्ठीवर 510510 असं लिहून दिलं आणि म्हणाला, "होतंय." कवा होतंय विचारलं तर, "नंबर जपून ठेवा." वर्षाचे पैसे आधी मोजून घेताना असलं काही जपायला लागलं नव्हतं.

आता जरा आवाज चढवावा म्हटलं, तोवर मागनं हात आला आणि चिठ्ठी गेली. रिटायर्ड गणिताचे गुरुजी, काखेत हेल्मेट.

"अवो, लॉटरी लागली की तुम्हास्नी! पहिल्या सात मूळ संख्या घ्या, 2, 3, 5, 7, 11, 13, 17. गुणा. काय आलं?"

"गुरुजी, नेट बंद हाय माझं."

"510510 आलं! ह्या सातीच्या सातींनी भाग जाणारी ह्याच्यापेक्षा ल्हान संख्या दावा, जेवण माझ्याकडं."

"शून्य," काउंटरवरचं पोरगं म्हणालं. माझ्या तक्रारीला वर न झालेली मान ह्याला झाली बघा.

"नैसर्गिक संख्या म्हणतोय मी!" गुरुजी तापले आणि माझ्याच चिठ्ठीच्या मागं माझ्याच पेनानं सुरू झाले. 714 गुणिले 715, पुन्हा तेच. 13, 21, 34, 55 ह्या ओळीनं येणाऱ्या चार फिबोनाची संख्या, म्हणजे मागच्या दोन मिळवून पुढची येती त्या, गुणल्या, पुन्हा तेच. 714 च्या मूळ अवयवांची बेरीज 29, 715 च्या पण 29. त्यात 1974 ला अमेरिकेत हँक ॲरननं बेब रूथचा 714 होमरनचा रेकॉर्ड मोडून 715 वा मारला, म्हणून तिकडच्या गणितवाल्यांनी असल्या जोड्यांचं नावच रूथ-ॲरन ठेवलं. बेसबॉल! जिथं पोरं फुटबॉलच्या मॅचवरनं पेठेपेठेत बोलाचाली बंद करत्यात, तिथं मी भर दुपारी होमरन ऐकत उभा. बरं, खरं का खोटं बघायचं तर गुगल लागतंय, आणि गुगलसाठीच तर आलोय नव्हं मी.

"विभाजक किती सांगा? 128!"

असतील. माझ्या तक्रारीला पण कुणीही भाग घालतंय, टेक्निकलवाला म्हणतोय एरिया मॅनेजर, एरिया मॅनेजर म्हणतोय केबलवाला, केबलवाला फोन उचलत नाही. बाकी शून्य. मागची माणसं तोवर कडेनं पुढं सरकून आपापलं काम करून गेली असती, पण गुरुजींनी हेल्मेट ठेवून काउंटर अडवलेला. शेवटी पोरानं वैतागून त्यांची तक्रार घेतली. नंबर 510511.

"युक्लिड!" गुरुजी एवढ्यानं ओरडले की वॉचमन आत आला. "मूळ संख्या गुणून एक मिळवायचा, त्या जुन्या ग्रीक गणितवाल्याची युक्ती! आता त्या सातीतल्या एकानं पण भाग जात नाही! पण म्हणून मूळ संख्या समजू नका हां, लई जण फसत्यात. 19 नं जातोय. 19 गुणिले 97 गुणिले 277."

पोरगं म्हणालं, "लंच टाईम."

गुरुजींचं नेट त्याच संध्याकाळी सुरू झालं. मला मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे', आणि राउटरवर लाल दिवा तसाच. गुरुजींनी माझा नंबर घेतलेला, त्यांनी व्हॉट्सॲपवर 128 विभाजकांची यादी पाठवलीय, वहीच्या पानांचे फोटो काढून. माझा डेटा संपलाय, फोटो उघडेनात, आणि ते दर अर्ध्या तासानं विचारतायत, बघितली का.