राजा, राणी आणि तात्या

आज सकाळी वेंगुर्ल्याच्या बाजारात बांगड्यांचा वाटा बघत होतो, तेवढ्यात मासळीवाल्या मावशीने चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तुमच्याकडे दोनय बायलोच निघाल्यो मां वो?" शेजारी कोळंबीला घासाघीस करणारे गृहस्थ चपापून माझ्याकडे वळले. त्या नजरेत कौतुक होतं की कीव, ते कळलं नाही. "होले हो, होले! पक्षी!" मी ओरडलो, पण ते पिशवी सावरत केव्हाच निघून गेले होते.

बातमी बाजारापर्यंत नेली ती शेजारच्या तात्यांनी.

लेकीच्या हट्टापायी कोल्हापूरहून पांढऱ्या होल्यांची जोडी आणली. "नर-मादी, गॅरंटी," म्हणत दुकानदाराने बाराशे मोजून घेतले. नावं ठेवली राजा आणि राणी. राजा छाती फुगवून, मान लववून लववून घुमायचा आणि राणी लाजायची (असं आमच्या आईचं मत). घरट्यासाठी मी चांगला काथ्या पिंजून ठेवला होता. तो त्यांनी पायाने बाहेर लोटला आणि केरसुणीचे पाच हीर आडवेतिडवे टाकून त्यावर अंडी घातली. चार अंडी. होल्याची पिल्लं साधारण १४ दिवसांत बाहेर येतात. चौदावा दिवस गेला, अठरावा गेला. शाळेतल्या मैत्रिणी रोज येऊन निराश होऊन जाऊ लागल्या. एकविसाव्या दिवशी गडग्यापलीकडून तात्या.

"काय रे, पिल्लां इली?"

"नाय, तात्यानू."

"अंडी किती?"

"चार."

तात्यांनी हातातला कोयता खाली ठेवला. "चार? कवडो दोनच घालता. जन्मात तिसरा बघूक नाय मी."

"ह्यांनी घातली चार."

"दोन तिची, दोन तिची." तात्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. "मेल्या, दोनय माद्यो आसत!"

"पण राजा घुमता..."

"माझी बायलय घुमता. म्हणान ती काय नर?"

मी गप्प बसलो. दोन माद्या एकत्र ठेवल्या की त्यातली एक खुशाल नराचा तोरा मिरवते, हे मला त्या संध्याकाळी वाचून कळलं. तात्यांना ते न वाचताच कळलेलं होतं, याचाच राग जास्त आला. पण तात्यांचं संपलं नव्हतं.

"तुझ्या परड्यात इतके कवडे घुमतत. एक नर धर नि घाल आत."

"धरूक येणा नाय. वन्यजीवांचो कायदो आसा."

"कधीचो?"

"१९७२चो."

"मी ४८चो. माका लागू नाय."

दुकानदाराला फोन केला. "जोडी बरोबरच दिली होती साहेब. तुमच्याकडची हवा दमट." म्हणजे घाट उतरला की राजाची राणी होते! पुढे उदार होऊन म्हणाला, एक आणून द्या, नर देतो, वर तीनशे द्या. येण्या-जाण्याचं भाडं कोण देणार? आणि परत कोणती द्यायची? लेक तर दोघींना गळ्याशी धरून बसली आहे. तिचं प्रेम खरं आहे, मान्य. फक्त पिंजऱ्यातली घाण माझ्या वाट्याला येते. पावसात बाजरीला बुरशी धरते, तीही निवडायची मीच. पहाटे साडेचारला त्या घुमायला लागल्या की घरात जागा होणारा एकमेव प्राणी मीच. बाकीचे म्हणे "सवय झाली". वाड्यात पारवे घुमतात म्हणजे वाडा ओस पडलेला असतो, असं आपण म्हणतो. आमच्या घरात सहा माणसं आहेत आणि घुमण्याने फक्त एकाची झोप ओस पडली आहे.

त्यात पांढरे होले हसतात. खरंच हसतात, उडून दांडीवर बसताना 'हे-हे-हे' असा चक्क माणसासारखा आवाज काढतात. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं.

बांगडे घेऊन घरी आलो तर गडग्यावर तात्या कोपर टेकून उभे. पिंजऱ्यात नवीन पाच हीर.

"किती?" तात्यांनी विचारलं.

"अजून तीनच."

"चवथा सांजपर्यंत येतला," तात्या म्हणाले, आणि आतून राजा हसली.