पाझर, गळती आणि सांडव्यावरची पोती: एका प्रतिक्रियेला उत्तर

पावसाळ्याआधी गावच्या मातीच्या बांधावर काय काय पाहावं, या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया आधी इथे देतो, म्हणजे इतर वाचकांना संदर्भ राहील. (सांडवा म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जाण्याची वाट; तिच्यावर पोती रचली की तलावात जास्त पाणी साठतं.) ‘पाझर तलाव पाझरणारच, गळतीचा एवढा बाऊ कशाला? आमचा बांध पंचवीस वर्षं उभा आहे. सांडव्यावर पोती नाही रचली तर उन्हाळ्यात टँकर तुम्ही पाठवणार का? आणि झाडं तोडायला सांगणाऱ्याने पर्यावरणाच्या गप्पा मारू नयेत. खुर्चीत बसून लोकांना घाबरवणं सोपं असतं.’

शेवटचं वाक्य मला लागलं, हे लपवत नाही. लेखातल्या एकाही आकड्याला आपण हात लावला नाही. लावला तो थेट माझ्या हेतूला. माझी सगळी नोकरी मातीकामात गेली. भरावाचे थर, माती किती घट्ट दाबली गेली हे पाहणाऱ्या प्रॉक्टरच्या चाचण्या, टोच्या म्हणजे बांधाच्या कोरड्या पायथ्याच्या नाल्या हेच माझं काम होतं आणि त्या अधिकारानेच मी लिहितो. बांधाखाली घर असलेल्या माणसाला गढूळ गळती कशी ओळखायची हे सांगणं आपल्याला घाबरवणं वाटत असेल, तर ते मी पुन्हा करीन. मतभेद जरूर असावेत, पण ज्याचं नावगाव माहीत नाही त्याला ‘खुर्चीतला’ ठरवून मोकळं होण्याची ही रीत मला मान्य नाही.

एक गोष्ट आपली बरोबर आहे. तलावात पाणी टिकलं की खालच्या विहिरींना पाणी मिळतं, त्यासाठीच तो बांधलेला असतो, आणि बांधाच्या पायथ्याशी थोडी ओल दिसली म्हणून धावपळ करायची नसते. हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

आता ‘पाझरणारच’बद्दल. पाझर तलावातलं पाणी तळातून, मुरमातून, खडकाच्या भेगांतून खाली जावं अशी रचना असते. बांधातून ते वाट काढत यावं अशी नसते. म्हणून तर पायात खंदक खणून तो कठीण थरापर्यंत नेतात आणि चिकण मातीने भरतात; मधे हार्टिंगचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दाबलेल्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं केसिंग म्हणजे आवरण, कोरड्या बाजूला पायथ्याशी वाळू-खडीचं फिल्टर आणि दगडी टो असा बांध उभा राहतो. गाभ्यातूनही थेंब थेंब पाणी झिरपतं. ते फिल्टरमधून स्वच्छ होऊन टोच्या नालीत आलं, तर बांध धडधाकट आहे. तेच पाणी टो सोडून भरावाच्या मध्यावर फुटलं, किंवा विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडण्याच्या नळाच्या कडेने आलं, किंवा आपल्याबरोबर माती घेऊन आलं, तर बांध आतून पोखरला जातो आहे. पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी मातीचे कण सुटतात, भोक मागे मागे सरकत तलावाकडे जातं, वाट आखूड झाली की पाण्याचा जोर वाढतो आणि जोर वाढला की आणखी माती सुटते. सुरुवातीला याला आठवडे लागतात. शेवटचा टप्पा तासांत उरकतो.

अमेरिकेतलं इडाहोचं टेटन धरण साधंसुधं नव्हतं, नव्वद मीटरच्या वर उंचीचा मातीचा बांध होता. 5 जून 1976 रोजी सकाळी सातच्या सुमारास तिथे गढूळ गळती दिसली आणि दुपारी बाराच्या आत बांध कोसळला. आपल्याकडे पानशेतला 12 जुलै 1961 रोजी बांध फुटला, त्याआधी विमोचकाच्या अर्धवट कामावरचा भरावच खचत गेला होता. नळाची जागा नेहमीच नाजूक असते. रोलर नळाला खेटून फिरवता येत नाही, नळाच्या बगलेखाली हाताने धुमसलेली माती सैल राहते आणि पाण्याला आयती वाट मिळते. आणि चिपळूण तालुक्यातलं तिवरे? 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर टाकला. खेकड्याचं बीळ पाण्याची वाट आखूड करतं, म्हणून बिळं बुजवायलाच हवीत. पण धड दाबलेला गाभा आणि नीट फिल्टर असेल तर त्या बिळाने बांध जात नाही. तिवऱ्याचे लोकही गळतीबद्दलच सांगत होते. त्यांनाही कुणी ‘बाऊ करू नका’ म्हटलं असेल, तर त्या माणसाने आज काय उत्तर द्यावं?

गळती धोक्याची की नेहमीची, हे ठरवायला इंजिनियर लागत नाही. टोच्या नालीत पत्र्याची एक आडवी पाटी घट्ट बसवा आणि तिला काटकोनी व्ही-खाच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच पाडा. पाण्याची उंची खाचेच्या खालच्या टोकापासून मोजायची, पण पाटीच्या थोडं मागे, जिथे पाणी संथ असतं. 5 सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला साधारण पाऊण लिटर, 10 सेंटिमीटर म्हणजे सव्वाचार लिटरच्या पुढे. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं, म्हणून ‘थोडंसंच वाढलंय’ या नजरेच्या अंदाजावर विसंबू नका. रोज त्याच वेळी तलावाची पातळी आणि खाचेची उंची वहीत शेजारी शेजारी लिहा. तलाव भरताना गळती वाढली तर ते अपेक्षित आहे. पातळी तीच किंवा उतरलेली, पाऊस नाही, आणि तरी गळती वाढली, तर आत काहीतरी सुटलं आहे. शिवाय काचेच्या बाटलीत नमुना भरून रात्रभर ठेवा. तळाला साका बसला, तर ती तुमच्या बांधाची माती आहे. भरावाची माती पाण्यात विरघळत सुटणारी आहे का, हेही घरी कळतं: वाटाण्याएवढं ढेकूळ ऊर्ध्वपातित पाण्याच्या ग्लासात अलगद सोडायचं आणि हलवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरत गेला, तर अशा मातीचा बांध फिल्टरशिवाय एक पावसाळाही सोडू नये.

गढूळ गळती दिसली की लोक हमखास एक घोडचूक करतात: कोरड्या बाजूने चिकण माती लिंपून किंवा ताडपत्री दाबून भोक बंद करतात. पाणी कोंडतं, भरावातला दाब वाढतो आणि अख्खा उतारच घसरतो. पाणी अडवायचं नसतं, माती अडवायची असते. भोकावर आधी धुतलेली जाडी वाळू वीतभर, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी, वर वजनाला दगड. जोर इतका की वाळूच टिकत नसेल, तर भोवती पोत्यांचं कडं करून आत पाणी चढू द्यायचं, दाबातला फरक कमी झाला की वाळू बसते. त्याच वेळी विमोचक उघडून तलाव उतरवायला घ्यायचा. एरवी दिवसाला फूटभराहून जास्त उतरवू नये, कारण भिजलेली पाणबाजू आधाराविना घसरते. पण माती वाहत असेल तर हा नियम बाजूला ठेवावा लागतो. तहसीलदारांना फोन आणि खालची वस्ती हलवणं ही कामं वाळूची वाट पाहत थांबवू नयेत.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. पंचवीस वर्षं उभा आहे म्हणजे पंचवीस वर्षांत त्याच्या ताकदीएवढा पूर आलेला नाही, इतकंच सिद्ध होतं.

पोत्यांचं मात्र हिशेबाने सांगतो, कारण तुम्ही ते अभिमानाने लिहिलं आहे. घाटमाथ्याजवळचं 2 चौरस किलोमीटर पाणलोट धरा. पाणलोटावरून पुराचा अंदाज काढणाऱ्या इंग्लिसच्या सूत्राने तिथला पूर सेकंदाला 70 घनमीटरच्या घरात येतो. 32 मीटर लांबीच्या सांडव्यावरून 1.2 मीटर उंचीने पाणी गेलं तर 71 घनमीटर निघून जातं, म्हणजे पूर जेमतेम मावतो. आता त्या सांडव्यावर दीड फूट, म्हणजे 45 सेंटिमीटर पोती रचा. पाण्याची पातळी तीच, पण वाहायला उरली 75 सेंटिमीटर उंची, आणि त्यातून जातात फक्त 35 घनमीटर. दीड फुटात सांडवा निम्मा झाला. उरलेलं पाणी तलावात चढतं, माथ्याखाली राखलेली मोकळी उंची खातं, आणि लाटा माथ्यावरून उलटू लागल्या की मातीचा बांध कापला जायला वेळ लागत नाही. पूर आला की पोती आपसूक वाहून जातील असं म्हणू नका. गाळ आणि पालापाचोळा अडकून ती घट्ट बसतात, आणि रात्री मुसळधार पावसात सांडव्यात उतरून ती काढायला कुणालाही पाठवू नये. गुजरातेतल्या मोरबीचं मच्छू-2 धरण 11 ऑगस्ट 1979 रोजी गेलं ते असंच मातीच्या भागावरून पाणी उलटून. तिथे पोती नव्हती, आलेला पूरच सांडव्याला झेपला नाही. तुम्ही तर झेपणारा सांडवा हाताने अरुंद करता आहात, आणि वर मला टँकरचं विचारता. पाणी वाढवायचंच असेल तर उन्हाळ्यात गाळ काढा, फक्त बांधाच्या पायथ्यापासून लांब राहून.

झाडांबद्दल: हरळी ठेवा, ती वरची माती धरते. वड, पिंपळ, बाभूळ, सुबाभूळ रोप असतानाच उपटा, कारण मोठं झाड वाळलं की कुजलेल्या मुळांची जागा पाण्याची नळी होते. आधीच मोठं झालेलं झाड नुसतं तोडू नका; तलाव उतरलेला असताना मुळासकट काढून खड्डा थराथराने दाबून भरावा लागतो. यात पर्यावरणाचा द्रोह कुठे आला?

आणि कुणीतरी सरकारी माणूस येऊन तपासेल या भरवशावरही राहू नका. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागतो, आणि 10 ते 15 मीटरमधल्या ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना. तुमचा गावतलाव बहुधा त्यात येत नाही. त्याची वही तुम्हीच ठेवायची आहे. खाचेची पाटी बसवून आठ दिवसांचे आकडे इथेच लिहा, मी प्रत्येक आकड्यावर बोलेन. सांडव्यावरची पोती मात्र त्याआधी उतरवा.