ओई घ्या, ओई!

या, एफवायची, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाची मंडळी, या. बसा म्हणणार होतो, पण खुर्ची एकच आहे आणि तिच्यावर मी आहे. ‘विषय निवड मार्गदर्शन कक्ष’ ही पाटी वाचलीत ना? तिच्या मागच्या बाजूला ‘रक्तदान शिबिर’ लिहिलं आहे. पाटी उलटी लागली तरी घाबरू नका. रांग तीच, टेबल तेच.

बारावीपर्यंत तुमचं बरं चाललं होतं. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तीन पेट्या, आणि कुठल्या पेटीत शिरायचं ते दहावीचे टक्के बघून तुमचा मामा सांगायचा. मग नवीन शैक्षणिक धोरण आलं, २० एप्रिल २०२३ चा शासन निर्णय आला, आधी स्वायत्त महाविद्यालयं आणि २०२४-२५ पासून आमच्यासारखी संलग्न महाविद्यालयं कामाला लागली. आता तुमच्या पत्रिकेत मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला विषय), व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी असे मोजून नऊ ग्रह आहेत. राहू कुठला आणि केतू कुठला ते पहिल्या सत्राच्या निकालात दिसेल. यांची पूर्ण नावं पाठ करू नका. आम्हीही केलेली नाहीत.

वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट मिळवायची. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्याच्या दुप्पट. हिशेब सोपा आहे, फक्त या तासांत गणपती, नवरात्र, युवा महोत्सव, क्रीडा सप्ताह आणि निवडणुकीच्या कामाला गेलेले प्राध्यापक धरलेले नाहीत.

आता मुख्य मुद्दा. विषय निवडताना बरीच मुलं ‘मला काय आवडतं’ असा विचार करतात. हा स्वार्थ झाला. विद्यार्थ्याने आधी आमचा कार्यभार बघावा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवावं लागतं, असं यूजीसी म्हणते. पूर्वी मुलं आपोआप यायची. एफवायला सगळ्यांना सगळंच घ्यावं लागे, त्यामुळे कुणाचं काही अडत नसे. आता तुम्हाला निवडीचं स्वातंत्र्य मिळालं आणि आम्ही भाजी मंडईत येऊन बसलो. दुसऱ्या शाखेचा विषय ओई म्हणून घेता येतो, तेव्हा जूनमध्ये गेटपासूनच हाका सुरू होतात. अर्थशास्त्राचे सर वाणिज्यच्या पोरांना सोडून विज्ञानच्या पोरांच्या मागे. मराठीच्या मॅडम सगळ्यांच्याच मागे. तत्त्वज्ञानवाल्यांकडे गेल्या वर्षी जेवढी मुलं होती तेवढी एका सहा आसनी रिक्षात मावली असती, आणि तरी ते जिन्याखाली उभं राहून ‘आमच्याकडे पेपर सोपा असतो’ असं कुजबुजत होते. तत्त्वज्ञानाने एवढं खाली यावं का? पण पोर्टलवरची तुमची एक टिक म्हणजे कुणाच्या तरी फ्लॅटचा हप्ता आहे. सोक्रेटिसला हप्ते नव्हते.

म्हणून निवडीआधी विषय बघू नका, माणूस बघा. जो सर सगळ्यात केविलवाणा दिसतो त्याचा विषय घ्या. इंटर्नलला वीसपैकी अठरा कुठेच गेले नाहीत.

कधीकधी विषय असतो पण माणूसच नसतो. यादीत ‘पर्यटन व्यवस्थापन’ बघून तुमचे डोळे चमकतील. जरूर घ्या. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर यायचे आहेत, त्यांची जाहिरात निघायची आहे, मुलाखत व्हायची आहे, विद्यापीठाची मान्यता यायची आहे. तोवर दिवाळी होते. तुमचं पर्यटन सुरू होतं, व्यवस्थापन नंतर बघू. आणि ते सर आलेच तर त्यांच्याकडे मन लावून शिका, कारण ते बहुधा आमच्यापेक्षा चांगलं शिकवतात आणि त्यांचं मानधन तुमची परीक्षा संपून निकाल लागला तरी आलेलं नसतं. हे वाक्य उपरोधिक नाही. चुकून आलं.

मित्रमैत्रिणींचा सल्ला अवश्य घ्या. ज्या मैत्रिणीबरोबर तुम्ही अकरावीपासून एका बाकावर बसता तिने जे घेतलं तेच घ्या. तिने का घेतलं ते विचारू नका, तिने ते तुम्हाला बघून घेतलं आहे. मुलांसाठी निकष वेगळा आहे: एसटीची वेळ. सकाळी ७:२० चा तास असलेला विषय कितीही थोर असला तरी गावाहून पहिली गाडी पावणेआठला स्टँडवर लागते, तेव्हा तो विषय तुमच्या नशिबात नाही. आमच्याकडची कित्येक मुलं अशी समाजशास्त्राची होता होता राज्यशास्त्राची झाली. डेपो मॅनेजरला याची कल्पना नाही, नाहीतर त्यांनाही या टेबलावर बसवलं असतं.

आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञान प्रणाली. दोन क्रेडिट, म्हणजे ३० तास. त्यात सुश्रुतापासून भास्कराचार्यांपर्यंत सगळे बसवायचे आहेत. वेगाने लिहून घ्या. जो तास बुडवाल त्यात एखादं शतक जाईल.

फॉर्म घरी भरू नका. सायबर कॅफेवाल्याकडेच भरा. पोर्टल रात्री दीडला उघडतं हे फक्त त्याला माहीत असतं, आणि ‘मायनर रिकामं ठेवता येत नाही, भूगोल टाकू का?’ हा तुमच्या आयुष्याला वळण देणारा प्रश्न तोच विचारतो. तुम्ही मोबाइलमधून मान वर न काढता ‘टाका’ म्हणता. घरी काकांना सांगायला आता ‘आंतरविद्याशाखीय’ असा शब्द आहे.

मिळवलेली क्रेडिट कुठे जातात? बँकेत. खरंच, २०२१ पासून तशी बँक आहे, अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. खातं काढायला आधार लागतं. आधारवर वडिलांचं नाव मधे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आणि कुठेतरी एक ‘एच’ जास्त, त्यामुळे पहिलं सत्र तुम्ही आधार केंद्रावर काढाल. त्याची क्रेडिट मिळत नाहीत. व्याजही मिळत नाही. ठेव मात्र सात वर्षं टिकते, म्हणजे साडेसातीपेक्षा सहा महिने कमीच.

एवढं करून जमलं नाही तर ‘एक्झिट’ आहे. पूर्वी एफवायनंतर घरी बसलेल्या मुलाला गावात ‘कॉलेज सोडलंय’ म्हणत. आता वर्षाची क्रेडिट पूर्ण करून चार जास्तीची कौशल्याची मिळवली की प्रमाणपत्र मिळतं. घरी बसायचं तेच, पण लॅमिनेशन करून.

तर घ्या पटापट, मागे रांग वाढली आहे. गेल्या जूनमध्ये अशीच गर्दी असताना तुमच्याएवढी एक मुलगी टेबलाशी आली. ओढणीने घाम पुसला आणि म्हणाली, “सर, या विषयात शिकवतात काय?”

मी शेजारच्या सरांकडे बघितलं. त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी शिपायाला हाक मारली. शिपायाने ऑफिसातून अभ्यासक्रम आणला, तो मागच्या वर्षीचा निघाला. मग विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून मी मोबाइलवर नवा उतरवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि घटक एकपासून मोठ्याने वाचायला लागलो. घटक तीनपर्यंत आलो तेव्हा माझं मलाच बरं वाटायला लागलं होतं. मान वर केली तर समोर दुसराच मुलगा उभा. तेवढ्या वेळात त्या विषयाच्या जागा भरल्या होत्या, आणि ती झेरॉक्सच्या रांगेत गेली होती.

हं, पुढचा. मेजर काय म्हणालात?