आरशाच्या तीन वायरी आणि एअरबॅगचा बागुलबुवा

मनीषनगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. लाल उद्गारचिन्हं, जोडलेले हात, खाली 'सर्वांना पाठवा'. मजकूर थोडक्यात असा: गाडीत ड्रायव्हरसमोर असलेल्या, मागचं दाखवणाऱ्या आरशाला वायर असेल तर तो घरी बदलू नका. प्लग काढला की एअरबॅग फुटते, गाडीचा कॉम्प्युटर जळतो, आरसा काचेतच बसवलेला असल्यानं समोरची अख्खी काच बदलावी लागते, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर हात लावला की वॉरंटी खलास.

मी माझ्या सात वर्षं जुन्या गाडीचा असा, मागून झगझगीत उजेड आला की आपोआप मंद होणारा आरसा मार्चमध्ये पार्किंगमध्येच बदलला. त्याच्या दोन काचांमधलं जेल कोपऱ्यातून गळून डाग पसरला होता. बाप्पा, एअरबॅग जागीच आहे.

आधी एअरबॅगच घेऊ. साध्या आपोआप मंद होणाऱ्या आरशाला मुख्य वायरी तीन: चावी फिरवल्यावर येणारा १२ व्होल्टचा करंट, अर्थिंग, आणि रिव्हर्सची वायर, म्हणजे गाडी मागं घेताना आरसा पुन्हा उजळवणारी. आरशाला उजेड ओळखणारे दोन 'डोळे' असतात, एक पुढं बघणारा, एक मागं. बाहेर अंधार आणि मागून अप्पर लाइट, असं दिसलं की दोन काचांमधल्या जेलला जेमतेम सव्वा-दीड व्होल्ट मिळतो आणि आरसा काळवंडतो. समृद्धीवर रात्री मागं एखादा अप्पर मारत येतो, तेव्हा याचं मोल कळतं. यात एअरबॅगचा संबंध कुठं आला? तिच्या वायरींचे प्लग सहसा पिवळे असतात, ते वेगळेच. हां, आरशातच एसओएसचं, म्हणजे संकटात मदत बोलावायचं बटण किंवा एअरबॅगचा दिवा असेल, तर वायरी जास्त असतात. तिथं माझं म्हणणं लागू नाही.

भीतीला जागा आहे, पण ती दुसरीकडे. ज्या गाडीत आधी वायरवाला आरसा नव्हता, तिथं नवी वायर काचेशेजारच्या खांबातून खाली आणावी लागते, आणि बऱ्याच गाड्यांत त्या खांबात, छताच्या कडेनं, पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्यावरून आडवी गेली तर अपघातात बॅग नीट उघडणार नाही. वायर बॅगच्या मागून, कंपनीच्या वायरींना बांधून न्यायची. हे जमेल असं वाटत नसेल तर खांब उघडूच नका. जुन्या जागी तसाच आरसा लावायचा असेल तर खांबाचा प्रश्नच येत नाही. प्लग काढायचा, प्लग लावायचा.

कॉम्प्युटर जळण्याचं म्हणाल, तर चावी काढून, दहाच्या पान्यानं बॅटरीचं मायनस सोडल्यावर जळायला उरतं काय? मात्र प्लगचा आकार जुळला म्हणजे वायरींचा क्रम जुळतोच असं नाही. आरशाच्या पाठीवरचा पार्ट नंबर जुळवा. नवी जोडणी असेल तर फ्यूज बॉक्समध्ये चावीबरोबर चालू-बंद होणारी जागा मल्टीमीटरनं शोधा आणि छोटा वेगळा फ्यूज घाला. कायम चालू असलेल्या वायरीला जोडलंत, तर महिनाभर गावाला गेल्यावर बॅटरी झोपलेली सापडेल.

काचेचा मुद्दा मात्र खरंच गमतीचा आहे, कारण काच फुटते ती याच गैरसमजानं. आरसा काचेत नसतो. काचेला धातूचं एक छोटं बटण चिकटवलेलं असतं आणि आरसा त्यावर अडकवलेला. काहींत बारीक स्क्रू सैल करून आरसा वर सरकवायचा, काहींत तो पाव फेरा फिरवून निघतो. पद्धत न बघता खाली ओढलं, किंवा बटणाखाली पेचकस घातला, की काचेला तडा. आणि मग तोच माणूस म्हणतो, बघा, काच बदलावी लागली!

बटण निघालंच तर घाबरायचं काहून? बाहेरून मार्करनं जागेची खूण करा, जुना गोंद ब्लेडनं खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, आणि आरशासाठीच मिळणारा, सोबत ॲक्टिव्हेटर (गोंद घट्ट धरायला लावणारं द्रावण) असलेला गोंद वापरा. फेविक्विक नको, तो ठिसूळ असतो, आणि आपल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची काच हात ठेववत नाही इतकी तापते. काम पहाटे, सावलीत करा, आणि आरसा दुसऱ्या दिवशी लटकवा.

वॉरंटीबद्दल: भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कारकंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्यात सांगितलं. अपिलं झाली, वाद पुढं चालला, तेव्हा आदेशाच्या भरवशावर भांडायला जाऊ नका. पण 'हात लावला की खलास' हे काही खरं नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यानं सांगायला हवी होती. आरशामागं लेन बघणारा कॅमेरा असेल, तर त्याला धक्का लावू नका. त्याची दिशा किंचित हलली तरी कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं लागतं, आणि ते पार्किंगमध्ये होत नाही.

काम झाल्यावर तपासणी अशी: हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून चावी 'ऑन' करा. पुढच्या डोळ्यावर अंगठा ठेवा, मागच्या डोळ्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. काही सेकंदांत आरसा काळवंडेल. तसाच टॉर्च धरून रिव्हर्स टाका. आरसा उजळायला हवा. नाही उजळला, तर तिसरी, रिव्हर्सची वायर परत बघा.