‘शिक्का माझ्या मुलावर बसला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

‘घोडबंदरची एक आई’ एवढीच सही करून तुम्ही मंगळवारी रात्री लिहिलेली प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. तिच्याखाली दोन ओळी लिहून मोकळं होणं मला पटेना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात मी इथे स्वभाव आणि यश यांवर लेख लिहिला होता. वेळ पाळणारी, हाती घेतलेलं काम तडीस नेणारी माणसं अभ्यासात आणि नोकरीत सरासरीने पुढे राहतात, आणि समाधानी माणसाचं काम चांगलं होतं, असं त्यात म्हटलं होतं. ताईंचा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या क्लासने मोबाइलवर चाळीस प्रश्नांची स्वभावचाचणी घेतली आणि पालकसभेत सांगून टाकलं, की हा शिस्तीत कमी पडतो, वरच्या बॅचला त्याचा टिकाव लागणार नाही. दोन दिवसांनी पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी पुरावा म्हणून माझ्या लेखाची लिंक टाकली. ताई लिहितात, “तुम्ही आकडे देऊन मोकळ्या झालात, शिक्का माझ्या मुलावर बसला.” शिवाय त्या म्हणतात की हे सगळे अभ्यास तिकडचे आहेत, लोकलमध्ये शिरायला धडपडणाऱ्या माणसाचा त्यांत पत्ता नाही. ‘आनंदी राहा’ हे त्यांच्या ऐरोलीच्या ऑफिसात साहेबही सांगतात, आणि रात्री नऊच्या आधी कुणाला उठू देत नाहीत. आणि शेवटी, स्वभाव वगैरे सगळं थोतांड आहे, माणसाला परिस्थिती घडवते.

आधी माझी चूक. त्या लेखाच्या शेवटी मी लिहिलं होतं, ‘मुलाचा स्वभाव ओळखा, त्याची वाट तुम्हाला दिसेल.’ हे वाक्य चुकीचं आहे. ज्या संशोधनावर मी लेख बेतला होता, त्यातून ते निघत नाही. ठाण्यात बावीस वर्षं अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवल्यावर माझ्या हातून असं वाक्य जायला नको होतं. तुमच्या मुलाला त्याचा त्रास झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ते का निघत नाही, ते नीट सांगते, कारण क्लासवाल्यांशी बोलताना तुम्हाला हेच लागणार आहे.

स्वभावाचे पाच मोठे घटक मानतात. त्यातला कर्तव्यदक्षता हा एक, म्हणजे नेटकेपणा, चिकाटी, वेळेचं भान. आर्थर पोरोपॅट यांनी २००९ साली स्वभाव आणि परीक्षेतले गुण यांवरचे अनेक अभ्यास एकत्र केले. सत्तर हजारांहून जास्त विद्यार्थी त्यात आले. कर्तव्यदक्षता आणि गुण यांचा सहसंबंध, म्हणजे नातं किती घट्ट त्याचं माप (शून्य म्हणजे नातंच नाही, एक म्हणजे पूर्ण नातं), निघाला सुमारे ०.२२. बुद्धिमत्तेचा भाग वजा केला तरी तो बराचसा टिकून राहिला, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे. पण ०.२२ म्हणजे किती? शंभर मुलांचा वर्ग धरा. चाचणीवरून त्यांचे दोन गट पाडले, पन्नास ‘शिस्तीचे’ आणि पन्नास ‘बिनशिस्तीचे’. शिस्त आणि गुण यांत काहीच नातं नसतं, तर बिनशिस्तीच्या पन्नासांतली पंचवीस मुलं गुणांच्या वरच्या अर्ध्यात आली असती. ०.२२ चं नातं असताना किती येतात? साधारण एकवीस-बावीस. फरक तीन-चार मुलांचा. सत्तर हजारांच्या जमावात तो स्पष्ट दिसतो, शिक्षण खात्याने धोरण आखताना तो जरूर विचारात घ्यावा. पण ‘बिनशिस्तीच्या’ पन्नासांतली जवळजवळ बावीस पोरं वर येणार असताना त्यांतल्या एकाला समोर उभं करून ‘तुझं होणार नाही’ म्हणायचं, याला त्या आकड्याचा आधार नाही. माझ्या लेखात हा हिशेब असायला हवा होता. तो नव्हता.

दुसरी गोष्ट त्या चाचणीची. अशा चाचण्यांत बहुतेक वाक्यं असतात ती ‘मी माझं काम वेळेवर पूर्ण करतो’ या धाटणीची, आणि पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत यांतून एक निवडायचं असतं. आता सांगा, सतरा वर्षांचा मुलगा हे ठरवताना स्वतःला कुणाशेजारी उभं करून बघेल? त्याच्या बाकावरच्या मुलांशेजारी. रात्री बारापर्यंत गणितं सोडवणाऱ्या पोरांत बसणारा मुलगा स्वतःला आळशीच समजणार, मग तो दिवसाचे पाच तास अभ्यास का करत असेना. हा माझ्या एकटीचा तर्क नाही. २००७ साली ५६ देशांतल्या लोकांच्या स्वभावचाचण्यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा कर्तव्यदक्षतेत जपान आणि दक्षिण कोरिया अगदी खालच्या टोकाला निघाले. तिथली माणसं खरोखर कामचुकार आहेत असं कुणी म्हणणार नाही. संशोधकांपुढे प्रश्न पडला तो असा, की आजूबाजूची मोजपट्टीच कडक असेल तर माणूस स्वतःला कमी गुण देतो का. तुमचा मुलगा ज्या क्लासमध्ये जातो तिथली मोजपट्टी कसली आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि चाचणीवर बॅच ठरणार हे कळल्यावर किती मुलांनी खरं लिहिलं असेल? हुशारीने ‘पूर्ण सहमत’वर बोट ठेवत गेलेला मुलगा शिस्तीचा ठरला आणि ‘कधी कधी राहून जातं’ असं प्रामाणिकपणे लिहिणारा मागे पडला. मुलाने खरं उत्तर दिलं असेल, तर त्याबद्दल त्याला दोन शब्द बरे बोला. क्लासमध्ये ते कुणी बोललेलं नाही.

क्लासवाल्यांना भेटाल तेव्हा आवाज चढवू नका, पण विचारा की चाचणीचं नाव काय, ती कुणी तयार केली, मोठ्यांसाठी की या वयाच्या मुलांसाठी, आणि तिच्या गुणांचा मुलांच्या पुढच्या निकालाशी ताळा कधी कुणी करून पाहिला का. याची उत्तरं नसतील तर बॅच त्याच्या परीक्षेतल्या गुणांवर ठरवा, असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणखी एक. २००९ सालच्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या कामांत सगळं वेळापत्रक बाहेरून बांधून दिलेलं असतं, तिथे माणसाच्या कर्तव्यदक्षतेने कमी फरक पडतो. माणसावर सगळं सोपवलेलं असतं, तिथे जास्त. तो अभ्यास नोकऱ्यांचा आहे, पण मला तो इथे लागू वाटतो. आखीव वेळापत्रकाची बॅच या मुलाला उलट सांभाळून घेईल.

आता ‘तिकडचे अभ्यास’. यात तुमचं बरंचसं खरं आहे. यांतली बहुतेक माणसं अमेरिका-युरोपातली, तीही मोठ्या प्रमाणात कॉलेजची मुलं. कासारवडवलीहून माजिवडा गाठण्यात सकाळचा सगळा धीर संपवून, मग ठाण्याला ऐरोलीकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या बाईचा स्वभाव कुणी मोजलेला नाही. पण तिकडेही प्रवासाने माणूस पिचतो, याची नोंद आहे. डॅनिएल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग लिहायला लावला आणि त्या त्या वेळी कसं वाटत होतं ते विचारलं. दिवसातली सगळ्यात नकोशी वेळ निघाली ती सकाळी कामावर जाण्याची. खुद्द नोकरीच्या कामापेक्षाही नकोशी. तिथे बहुतेक जणी स्वतःच्या मोटारीने जातात. आपल्याकडची गर्दी त्यात मिळवून बघा.

ऐरोलीच्या साहेबांवर मात्र जरा थांबते, कारण इथे माझ्या लेखाचा आधार घेऊन तुमच्याच गळ्याला फास लावला जातो आहे.

मी ज्या अभ्यासाचा उल्लेख केला होता तो ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बीटी या ब्रिटिश टेलिफोन कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये केला. सहा महिने, दर आठवड्याला, सुमारे १,८०० कर्मचाऱ्यांनी पाच चेहऱ्यांच्या चित्रांतून आपला आठवडा कसा गेला ते निवडायचं. ते आकडे त्यांच्या विक्रीशी जोडले, तेव्हा आनंदाच्या आठवड्यांत विक्री सुमारे १३ टक्क्यांनी जास्त निघाली. विक्री जास्त झाली म्हणून माणूस खूश, असं तर नसेल? त्यासाठी त्यांनी बाहेरच्या हवेचा उपयोग केला. काही इमारतींना खिडक्या जास्त होत्या. बाहेर मळभ असलं की तिथल्यांची मनं जास्त उतरायची, आणि त्याबरोबर त्यांची विक्रीही. त्या लोकांनी आनंदाच्या आठवड्यांत जास्त तास काम केलं नव्हतं. तेवढ्याच वेळात जास्त काम झालं होतं. हे तुमच्या साहेबांना वाचायला द्या. रात्री नऊपर्यंत बसवून ‘आनंदी राहा’ म्हणण्याला या अभ्यासात काहीच जागा नाही. खिडकी उघडून देणं साहेबांच्या हातात असतं. मन उघडं ठेवायची जबाबदारी तेवढी कर्मचाऱ्यावर टाकायची, हा न्याय नाही.

याहून जुना आणि जास्त गंभीर पुरावा लंडनचा आहे. १९८५ पासून तिथल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. ‘दुसरा व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणतात त्याला. १९९७ साली मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं की ज्यांना आपल्या कामावर कमी ताबा, म्हणजे काय कधी कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, त्यांना हृदयविकार जास्त होतो. वरच्या हुद्द्यांवर तो कमी आणि खालच्यांवर जास्त, यामागचं एक मोठं कारण हा ताबा निघाला. स्वीडन आणि अमेरिकेच्या आकड्यांवरून रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ सालीच मांडलं होतं, की नुसत्या कामाच्या ओझ्यापेक्षा ओझं जास्त आणि मुभा कमी ही जोडगोळी माणसाला पिळून काढते. ताई, तुमची रात्रीची झोप आणि चिडचिड यांचा दोष स्वभावावर टाकू नका. साहेबांना एवढंच विचारून पाहा, की काम ठरलेल्या दिवशी पूर्ण होत असेल तर सातला उठलं तर चालेल का. एका टीमपुरतं, महिनाभरासाठी. असं मागताना कुणावर आरोप होत नाही, आणि महिन्यानंतर दाखवायला हातात काहीतरी असतं.

तुमच्या शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. स्वभाव थोतांड नाही. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली शंभराहून जास्त अभ्यास एकत्र केले, तेव्हा पोलिसांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळ्या प्रकारच्या कामांत एकच घटक सातत्याने उपयोगी पडताना दिसला, तो कर्तव्यदक्षतेचा. परिस्थितीचा वाटा मोठा आहे, हे कबूल. चार-पाच वर्षांच्या मुलांना समोरची मिठाई न खाता थांबायला सांगायची ती प्रसिद्ध चाचणी आठवते का? जो थांबतो तो पुढे यशस्वी, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१८ साली सुमारे ९०० मुलांवर ती पुन्हा तपासली. घरची परिस्थिती आणि लहानपणची समज हिशेबात घेतल्यावर ते नातं दोन तृतीयांशाने कमी झालं. तरी स्वभाव पुसला जात नाही. आणि स्वभाव खरा मानण्यात मला तुमच्या मुलासाठी आशाच दिसते, कारण तो बदलतो. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली, त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मोजणारे ९२ अभ्यास एकत्र केले. कर्तव्यदक्षता वाढते, आणि सगळ्यात जास्त वाढते ती वीस ते चाळीस या वयात. तुमचा मुलगा अजून त्या वयात शिरलेलाही नाही. क्लासने त्याचा पाया भरायच्या आधीच इमारतीची उंची मोजली.

करता येण्यासारखी एक गोष्ट सांगते. माझ्या विद्यार्थ्यांना मी ती वर्षानुवर्षं करायला लावली आहे. ‘मी रोज अभ्यास करेन’ असा निश्चय करायचा नाही. ‘संध्याकाळी क्लासहून येऊन चहाचा कप खाली ठेवला, की भौतिकशास्त्राची वही उघडेन’ असं एक वाक्य लिहायचं. आधी घडणारी गोष्ट आणि तिला बांधलेली कृती. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी हा प्रकार अभ्यासला. २००६ साली अशा ९४ चाचण्या एकत्र केल्या तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा याचा परिणाम बराच जास्त दिसला. वाक्य त्याने स्वतः लिहावं, तुम्ही लिहून देऊ नये. एका वेळी एकच. पंधरा दिवसांत चुकलं तर वाक्य बदलायचं, मुलाला बोलायचं नाही.

मूळ लेखातलं ते शेवटचं वाक्य मी आज खोडलं आहे. पुसलेलं नाही, खोडलं आहे. म्हणजे काय चुकलं होतं ते वाचणाऱ्याला दिसेल. शंभर मुलांचा हिशेब त्याखाली जोडला आहे. ग्रुपवर ज्यांनी जुनी लिंक वाचली, त्यांच्यापर्यंत हेही पोचावं असं मला वाटतं. पण त्या ग्रुपवर तुमच्या मुलाची पुन्हा चर्चा व्हावी की नाही हे मी ठरवणार नाही, आणि कृपा करून तुम्हीही एकट्याने ठरवू नका. हे आधी त्याला वाचायला द्या. तो हो म्हणाला, तरच पुढे पाठवा.